उद्या मेथीची जुडी…

अण्णांच्या शेवटच्या साध्यासुध्या दिवशी सकाळी टेम्पोत मेथी भरपूर होती. फक्त ज्यांना ती हवी होती त्यांच्या नावावर नव्हती, आणि ज्यांना नको होती त्यांच्या नावावर होती.

मल्हारीअण्णा मखमलाबादच्या मळ्यातली भाजी इंदिरानगरातल्या सोसायट्यांमध्ये घरपोच देत. डॉक्टरांनी जिने चढणं बंद केलं, तेव्हा गिऱ्हाइकं तुटतील या धास्तीने त्यांची झोप उडाली. मग वेबसाइटची कामं करणाऱ्या त्यांच्या मुलीने, तेजस्विनीने, मोबाइलवर उघडणारं एक पान करून दिलं. गिऱ्हाइकाने आदल्या दिवशी बटण दाबायचं आणि सकाळी खाली टेम्पोपाशी यायचं. मेथीसाठी दोन बटणं, 'हो' आणि 'नको'.

"नुसतं नको?" अण्णा म्हणाले होते. "माझं गिऱ्हाईक मला असं तोडून बोलत नाय. ते म्हणतं, उद्या मेथीची जुडी नको मल्हारी, अजून कालचीच निवडायची राहिलीय."

"एवढं बटणात मावत नाही, अण्णा."

"मग बटण मोठं कर."

"मांडणी बिघडते."

शेवटी तिने 'हो' आणि 'नको'च्या जागी त्यांची वाक्यं जशीच्या तशी घातली. ती बटणाबाहेर सांडली. तिला घाई होती. तिने पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये एक ओळ टाकली की जे मावत नाही ते कापायचं आणि तीन टिंबं लावायची. लॅपटॉपवर शेवटचे दोन-तीन शब्दच गेले. गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर मात्र वरच्या बटणावर 'उद्या मेथीची जुडी…' आणि खालच्या बटणावरही 'उद्या मेथीची जुडी…' एवढंच उरलं.

आता प्रतिभाताई टेम्पोपाशी जुडीकडे बघत उभ्या होत्या. "मी नको म्हटलं होतं. आम्ही गावाला चाललोय."

"तुम्ही वरचं बटण दाबलंय," तेजस्विनी म्हणाली.

"वरचं काय नि खालचं काय, दोन्हीवर एकच तर लिहिलंय."

तेवढ्यात सिंधुबाई पिशवी झटकत आल्या. "मल्हारी, माझी मेथी?"

"तुम्ही नको म्हणालात ना वहिनी."

"मी? लेक यायचीय माझी. पराठे काय हवेचे करू?"

अण्णांनी प्रतिभाताईंपुढची जुडी उचलून सिंधुबाईंकडे केली, तशी प्रतिभाताईंनी ती मधेच धरली. "थांबा. माझ्या नावावर आलीय ना?"

"तुम्ही तर गावाला चाललात," सिंधुबाई म्हणाल्या.

"गावाला काय मेथी खात नाहीत?"

एव्हाना सोसायटी खाली जमली होती. तेजस्विनी पायरीवर लॅपटॉप उघडून बसली. तिने टिंबं काढली, तर वाक्य बटणातून निघून थेट वांग्याच्या फोटोवर गेलं. अक्षरं बारीक केली, तेव्हा सिंधुबाईंनी मोबाइल हातभर लांब धरला. "ह्या मुंग्या कोणी सोडल्या?"

वैतागून तिने पुन्हा 'हो' आणि 'नको' घातलं. "आता उद्याचं दाबा सगळ्यांनी."

सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा समोरच उभे होते, हसऱ्या चेहऱ्याने. त्यांच्या तोंडावर 'नको' दाबायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं. सगळ्यांनी 'हो' दाबलं. गावाला जाणाऱ्या प्रतिभाताईंनीसुद्धा.

"आख्खा वाफा उपटावा लागेल उद्या," टेम्पोतून तेजस्विनीचा भाऊ महेश म्हणाला.

अण्णा क्रेटवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "तेजू, त्याचं काय असतं, माणसाला नको म्हणायचं असलं ना, की…"

"संध्याकाळी बोलू, अण्णा. माझी मीटिंग आहे."

संध्याकाळी ती आली तेव्हा ते लवकर झोपले होते. पहाटे झोपेतच गेले. 'हो' दाबलेली सगळी गिऱ्हाइकं त्या दिवशी मळ्यात आली.

तेरावं झाल्यावर टेम्पो पुन्हा काढायचं ठरलं. कोण येईल, कोण दुसरीकडे लागलं असेल, महेशला काही सांगता येत नव्हतं. तेजस्विनीने पान उघडलं आणि अण्णांची वाक्यं परत घातली. बटणाची बांधलेली रुंदी सोडली, ओळीला खाली उतरू दिलं, मजकूर वाढेल तशी उंची वाढू दिली. एवढंच करायचं होतं. पंगतीत शेजारच्याला जरा सरकायला सांगून पाहुणे ऐसपैस बसावेत, तशी बटणं बसली.

थोड्या वेळाने अण्णांचा फोन वाजला. सिंधुबाई होत्या.

"बटण दिसलं गं. सगळं वाचता येतंय. पण माझं त्यात बसत नाही."

"काय बसत नाही, मावशी?"

"जुडी हवीय, पण निम्मी. लेक गेली परत, यांना मेथी चालत नाही. मल्हारी आणायचा निम्मी करून. एकदा तर त्याने काय केलं… जाऊ दे. तुला कामं असतील."

कामं होतीच. तेजस्विनीने लॅपटॉप मिटला, आणि अण्णांना जे ती कधीच म्हणाली नव्हती ते तिच्या तोंडून मोठ्याने निघालं.

"बोला तुम्ही. मला वेळ आहे."