गरज नसलेल्यांचा वर्ग

माझी नात शाळेतून आली की माझ्या मांडीवर बसून मला काहीतरी भलंमोठं सांगायची. तिच्या आईच्या, म्हणजे इथल्याच भाषेत. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण मी मान हलवायची, अधूनमधून हसायची. एकदा मी हसले आणि ती रडायला लागली. दुसऱ्या दिवशी ती सांगायला आलीच नाही. म्हणून मी या वयात भाषा शिकायला गेले. दुभाष्या म्हणून मुलगा सोबत घेतला.

भाषाकेंद्रात आल्या आल्या शिकवत नाहीत. तो अडाणीपणा झाला, असं तिथल्या बाईंनी मुलाकरवी मला समजावलं. माणूस माणसासारखा नसतो, म्हणून आधी माणूस ठरवायचा, भाषा मग. कुणी डोळ्यांनी शिकतो, कुणी कानांनी, कुणी हातांनी. मी म्हटलं, मी तोंडाने शिकते. तो प्रकार त्यांच्याकडे नव्हता.

"आई, त्या विचारतायत, तुझी गरज काय?"

हे काय विचारणं झालं? परक्या बाईने, पोटच्या पोरासमोर? पोरं वाढवली, सासूचं शेवटपर्यंत केलं, कधी कुणापुढे हात पसरला नाही.

"सांग तिला, आम्हाला कुणाची गरज नाही."

पोराने शब्दाला शब्द सांगितलं. लहानपणापासून तो सांगितलं तेवढंच करतो. बाईंना आनंद झाला. माझी वैयक्तिक भिन्नता सापडली होती. मला गरज नसलेल्यांच्या वर्गात घातलं.

त्या वर्गात भाषा शिकवत नाहीत. गरज नसताना शिकवणं हा शिकणाऱ्याचा अपमान आहे, असं केंद्राचं धोरण. शिक्षक येत, हजेरी घेत, आमच्या गरज नसण्याचा आदर करून निघून जात. वर्गात मी, एक निवृत्त फौजदार, एक खाटीक आणि एक शिंपीण. शिंपिणीला नवऱ्याने पाठवलेलं, म्हणजे गरज त्याची. चौघांच्या चार भाषा आणि खिडकीजवळची खुर्ची एक.

तिच्यावरून भांडायचं तर चौघांना कळेल अशी भाषा बाहेरचीच. फौजदार रस्त्यावरून 'उठा' घेऊन आला. शिंपिणीने गिऱ्हाइकांकडून 'आधी मी' आणलं. मी भाजीवालीकडून 'लाज नाही वाटत?' आणलं. खाटीक नुसता बघायचा, पण त्याचंही भाषांतर लागायचं नाही. होता होता आम्ही मनसोक्त भांडू लागलो. ते केंद्राच्या कानावर गेलं. चौकशी बसली. गरज नसताना भाषा आल्याचं सिद्ध झालं आणि चौघांना नापास करून काढून टाकलं.

घरी येऊन नातीला मांडीवर ओढलं आणि तिच्या भाषेत विचारलं, "त्या दिवशी का रडलीस?" भाषा भांडणात कमावलेली, जरा दरडावूनच निघाली. हळूच सांगितलं तिने. तिची मैत्रीण शाळा सोडून गेली होती, आणि ते ऐकून आजी हसली होती.

मी तिला पोटाशी धरलं, "शहाणी गं माझी" म्हटलं. ती म्हणाली, म्हणजे काय?

मुलाला सांगितलं, पोरीला आपली भाषा शिकव. मोबाइलमधून मान वर न करता तो म्हणाला, "आई, तिला काय गरज आहे?"

त्याचं बखोट धरून मी त्याला केंद्रात नेलं. बाई म्हणाल्या, त्या वर्गात आता जागा नाही, तुमच्याच भाषेचे आईबाप नावं घालून बसलेत. मी दारातून डोकावले.

खिडकीजवळच्या खुर्चीवर तुम्हीच होतात ना?