राणेकाकांचे अठरा ग्लास

राणेकाका बेल वाजवतात, दार उघडलं की स्टीलचा छोटा ग्लास पुढे करतात आणि म्हणतात, "धर गो. वास घेऊ नको, गिळ."

सकाळचे पावणेसात वाजलेले असतात. ग्लासात काय आहे ते विचारायचं नसतं. विचारलंत तर सांगतात, आणि कळल्यावर पिणं जास्त अवघड होतं. सोमवारी गाजर-बीट, मंगळवारी दुधी-पुदिना, बुधवारी पालक-सफरचंद, गुरुवारी कारलं. दर गुरुवारी आमच्या बिल्डिंगमधल्या बऱ्याच लोकांना लवकर बाहेर पडायचं असतं, पण काका त्यांना खाली गेटवर गाठतात. ग्लास संपेपर्यंत ते हलत नाहीत. संपला की उलटा करून बघतात, "लाईन क्लिअर!" म्हणतात आणि लिफ्टकडे वळतात.

असे अठरा ग्लास. रोज.

अठराच का, तर डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत दुसऱ्या माळ्यावर काकांची सोडून अठरा खोल्या होत्या. चाळ पाडून टॉवर झाला. घरं चिठ्ठ्या टाकून वाटली, त्यात आमचा माळा तिसऱ्या मजल्यापासून एकविसाव्यापर्यंत विखुरला. ज्याच्या खोलीतली फोडणी आपल्या खोलीत समजायची, तो आता सहा महिन्यांत एकदा लिफ्टमध्ये भेटतो. काकांच्या हिशेबी मात्र दुसरा माळा अजून आहे तसाच आहे. ज्यूस त्या अठरा घरांना. एकोणिसाव्या घराने मागितला तरी नाही आणि अठरांपैकी कोणी नको म्हटलं तरी सुटका नाही.

मी या सोसायटीची सेक्रेटरी. टाकी कधी धुतली, लिफ्टवाला कधी येऊन गेला, कोणाच्या बाथरूममधून कोणाच्या छताला ओल आली, सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात. लोक हसतात आणि गरज पडली की मलाच फोन करतात. गेल्या वर्षभरात माझ्या तक्रारवहीत राणेकाकांच्या नावावर अकरा नोंदी झाल्या. त्याच्या खालोखाल कबुतरं आहेत. त्यांच्या नावावर सहा.

काका माझगावला गोदीत पंपफिटर होते. निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली, पण पंप डोक्यातून गेला नाही. कोणाला ताप आला तर "कूलिंग बिघडला." कोणाचं लग्न मोडलं तर "अलाइनमेंट नव्हती." काकू गेल्या, मुलगा विरारला असतो, हे एकटेच. बाजारातला ज्यूसर त्यांच्या हातात जेमतेम एक दिवस टिकला. मग त्यांनी स्वतःच एक यंत्र जुळवलं. त्याला लांब दांडा, खाली जाळी आणि मधे कुठल्यातरी मोटारीचं पोट आहे. पहाटे साडेपाचला ते सुरू झालं की खालच्या मजल्यावरच्या भांड्यांची झाकणं हलतात. तक्रार क्रमांक एक ते चार.

त्यांचं तत्त्वज्ञान सोपं आहे. "बॉडी म्हणजे काय? पाइपलाइन. चोथो अडाकलो की पंप बसलो. म्हणान चोथो भायर आणि रस आत."

"मग चोथ्याचं काय करता?" मी एकदा विचारलं.

"खातंय."

"तुम्ही? आणि रस?"

"रस माका नाय आवडत. माका चावूक होया." ते शांतपणे म्हणाले. "चोथ्यात कांदो घालायचो, सुकट घालायची. झकास!"

म्हणजे वर्षभर आम्ही अठरा घरं जे नाक दाबून गिळत होतो, ते करणारा माणूस स्वतः एक थेंब पीत नव्हता. हे मी वहीत लिहिलं नाही. दंगल झाली असती.

दंगल तरीही झाली, आणि ती मांजरेकरांमुळे झाली. मांजरेकर नवव्या मजल्यावर राहतात, बँकेतून निवृत्त झालेत आणि घाबरट आहेत. एका सोमवारी त्यांनी गाजर-बीट प्यायलं आणि दुपारी बाथरूममध्ये त्यांना लाल रंग दिसला. मुलांना फोन केले, कपाटाच्या चाव्या बायकोच्या हातात दिल्या आणि टॅक्सीने दवाखाना गाठला. तिथे डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "सकाळी बीट खाल्लंत का?"

ही लाज ओसरते तोवर मांजरेकरवहिनींचा रिपोर्ट आला. त्यांची शुगर वाढली होती. मांजरेकरांनी मला लेखी अर्ज दिला. दोन पानं, समास सोडून.

मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. पाचव्या मजल्यावरच्या सामंतांची अदिती डॉक्टर आहे. तिला चहाला बोलावलं, कागदावर मधोमध उभी रेघ मारली आणि म्हटलं, "डाव्या बाजूला फायदे, उजव्या बाजूला तोटे. बोल."

अदिती मोजकं बोलते. रसात जीवनसत्त्वं असतात, जे लोक भाज्या खातच नाहीत त्यांच्या पोटात काहीतरी जातं. हे डावीकडे गेलं. उजवीकडची यादी लांबली. चोथ्यातला तंतू फुकट जातो, पोट भरत नाही, गोड फळांची साखर झटकन रक्तात जाते, मुतखड्याचा त्रास असेल तर रोज पालकाचा रस बरा नाही, रस ठेवून दिला की खराब होतो. धडधाकट माणसाने फळ चावूनच खावं.

"अजून काही फायदा?" डावी बाजू फारच रिकामी दिसत होती.

"ज्यांना चावता येत नाही त्यांना उपयोग होतो."

मी ते लिहिलं आणि पुढे कंसात 'आपल्याकडे लागू नाही' असंही लिहिलं.

रविवारी गच्चीखालच्या हॉलमध्ये मीटिंग घेतली. मी दोन्ही रकाने वाचून दाखवले. काका पहिल्या रांगेत पांढरा शर्ट घालून बसले होते. हा शर्ट ते लग्नाला आणि स्मशानात घालतात.

मांजरेकर उठले. "माझा व्यक्तिगत आकस नाही. पण हा बळजबरीचा रतीब बंद झाला पाहिजे."

"मेल्या, बीट काय विष असा?" काका बसल्या जागेवरून म्हणाले. "तू घाबारलंस तर माझो काय दोष?"

"मी घाबरलो नव्हतो!"

"चाव्यो कित्याक दिलंस मगे बायलेक?"

हॉल हसला. मांजरेकरांचे कान त्या सोमवारच्या ग्लासासारखे झाले. मी टेबलावर पेन आपटून तोडगा मांडला, जो मला अतिशय शहाणपणाचा वाटत होता. खाली लॉबीत एक कागद लावायचा. ज्यांना ज्यूस हवा त्यांनी त्यावर सही करायची, काकांनी तेवढ्यांनाच द्यायचा. पुढच्या रविवारपर्यंत मुदत.

सगळ्यांनी हात वर केले. काका मात्र उभे राहिले आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज बदलला. "लिस्ट नको. देवचो तर सगळ्यांक. नायतर कोणाकच नको."

"अहो काका, ज्याला हवा त्याला मिळणारच आहे."

"तसा नाय गो ता."

"मग कसं?"

त्यांनी हॉलभर नजर फिरवली आणि परत बसले. हट्टी म्हातारा, असं माझ्या मागच्या रांगेत कोणीतरी म्हणालं. माझं मतही फार वेगळं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी काका माझ्याकडे आले. हातात ग्लास नव्हता, त्यामुळे त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

"किती झाले?"

"चार सह्या."

"कोण कोण?"

मी नावं वाचली. ते ऐकत होते, पण चौथ्या नावानंतरही ऐकतच राहिले.

"बस?"

"बस."

"तारीख वाढव मगे."

"काका, ज्यांना नकोय ते आठ दिवस वाढवले तरी सही करणार नाहीत."

"होयो असलो तरी नाय करणार," ते म्हणाले आणि चहा न पिता गेले.

मला अर्धवट यादी सहन होत नाही. रविवारी सकाळी तोच कागद काढून घेतला आणि उरलेल्या चौदा घरांच्या होकार-नकाराची खूण करायला निघाले. बारा घरांनी आनंदाने नकार दिला, मांजरेकरांनी तर दोनदा. तेरावं घर माझं स्वतःचं होतं, तिथे विचारायची गरज नव्हती. चौदावं घर योगायोगाने चौदाव्या मजल्यावरच होतं. काशीनाथ पेडणेकरांचं.

काशीनाथकाका आणि राणेकाका यांच्या खोल्या चाळीत समोरासमोर होत्या. एकाची गिरणी आणि एकाची गोदी, पण भजनाला एकाच पेटीवर दोघं. मग बिल्डर आला. राणेकाकांनी संमतीपत्रावर पहिल्या दिवशी सही केली, काशीनाथकाका शेवटपर्यंत अडून बसले. चाळीच्या भर सभेत त्यांनी राणेकाकांना "बिल्डरचा माणूस" म्हटलं. त्यानंतर नऊ वर्षं दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. लिफ्टमध्ये एक असला तर दुसरा जिना चढतो. आणि काशीनाथकाकांना तो चौदा मजले चढावा लागतो.

दार शालनकाकूंनी उघडलं. बाहेर चपलांच्या कपाटावर एक झाकणाची बाटली धुऊन उलटी ठेवली होती.

"ज्यूसचं विचारायला आले," मी म्हटलं. "नको ना तुम्हाला?"

काकूंनी मागे वळून बघितलं आणि आवाज खाली आणला. "सही नाही करणार गो ते. राण्यांकडे मागितल्यासारखं होतं म्हणतात. पण बंद झाला तर मोठी पंचाईत होईल."

काशीनाथकाकांचं ऑपरेशन झाल्याचं मला माहीत होतं. गाठ काढली, बरे आहेत, घराबाहेर फारसे पडत नाहीत, एवढंच. काकूंनी उरलेलं सांगितलं. गालाचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचं तोंड एका बोटाएवढंच उघडतं. पेज, दूध, सूप, सगळं नळीने. भाजी-फळ काही जातच नाही. घरच्या मिक्सरचा रस नळीत अडकायचा, मग ठसका लागायचा आणि ते ग्लास बाजूला सारायचे.

"आणि राणेकाकांचा?"

"पाण्यासारखा असतो. एक कण नाही. सकाळी बेल न वाजवता ठेवून जातात."

आमच्या ग्लासात दाताने अडवावे लागतील एवढे दोरे असतात. तक्रार क्रमांक सात.

आतून काशीनाथकाकांचा आवाज आला. शब्द दबून येत होते, पण राग स्वच्छ होता. "कोण आलंय? सेक्रेटरी? सांग तिला, मी काही मागितलेलं नाही त्याच्याकडे. सगळ्यांना देतो म्हणून घेतो. मला एकट्याला देत असता तर थुंकलो असतो."

"तेच लिहून घ्यायला आलेय, काका," मी म्हटलं आणि जिन्यात येऊन तक्रारवही उघडली. यंत्राच्या आवाजाची पहिली तक्रार कधीची ते बघितलं. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये पेडणेकरांची हॉस्पिटलची गाडी गेटातून आत आल्याची नोंद होती. दोन्हींत चार दिवसांचं अंतर होतं, गाडी आधी.

चार दिवसांत त्यांनी यंत्र जुळवलं असणार. आणि एका ग्लासासाठी सतरा ग्लास जास्त काढायचं ठरवलं असणार.

मी घरी येऊन नवा कागद घेतला. मजकूर असा: 'राणे यांचा ज्यूस दुसऱ्या माळ्याच्या अठराही घरांना पूर्वीप्रमाणे मिळेल. ज्यांना नको असेल त्यांनीच खाली सही करावी. यंत्र साडेसहाच्या आत चालवू नये. शुगर व मुतखडा असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे. दुधी कडू असल्यास वापरू नये.' शेवटची ओळ अदितीने फोनवर घालायला लावली. कडू दुधीचा रस जिवावर बेततो म्हणाली.

नको म्हणायला खाली उतरायचं, कागदावर राण्यांचं नाव वाचायचं आणि त्याखाली सही करायची, हे काशीनाथकाकांकडून या जन्मात होणार नाही याची मला खात्री होती.

संध्याकाळपर्यंत बारा सह्या झाल्या. मांजरेकर पहिले. मी सही केली नाही. सगळेच गळाले असते तर "सगळ्यांना देतो" म्हणायला कोणीतरी शिल्लक राहायला हवं होतं. गुरुवारचं कारलं मी त्या क्षणी मान्य केलं.

काका लॉबीत आले तेव्हा मी कागद काढत होते. त्यांनी चष्मा घरीच ठेवला होता, किंवा त्यांना स्वतः वाचायचं नसावं.

"वाच."

मी बारा नावं वाचली. प्रत्येक नावाला ते एक बोट मिटत होते. दोनदा मुठी झाल्या, वर दोन बोटं.

"आणि बाकीचे?"

"त्यांनी सही केलेली नाही. नियमाप्रमाणे त्यांना हवा आहे."

"सहाय जणांक?"

"सहाही जणांना."

त्यांनी मिटलेली बोटं उघडली. मग म्हणाले, "दुधयेचा काय लिवलंस ता बराबर असा. पण मी प्रत्येक दुधयेचो तुकडो आदी स्वतः खातंय. कडू लागलो तर फेकून दितंय. तेका सांग, भिण्याचा काय कारण नाय."

"कोणाला सांगू?"

काका पिशवी झटकून भाजीबाजाराकडे निघाले होते. गेटजवळ पोचल्यावर त्यांनी मागे न बघता उत्तर दिलं.

"सगळ्यांक."