कलम नऊ आणि जवाचं पाणी

बाटली फुटली तेव्हा सुनंदा ताम्हणे नववी 'ब'च्या प्रयोगवह्या तपासत होती. आवाज मोठा होता, पण तिला त्याची भीती वाटली नाही. भीती वाटली ती त्यानंतरच्या आवाजाची. खालच्या मजल्यावर आठल्येकाकांच्या दाराची कडी निघाली होती.

"किती गेल्या?" तिने बसल्या जागेवरून विचारलं.

"एकच," कुमार स्वयंपाकघरातून म्हणाला. "सत्तावीस आहेत अजून."

"साखर जास्त झाली की बाटली फुटते. चमच्याने मोजू नकोस, असं मी म्हटलं होतं."

"पुस्तिकेत चमचाच लिहिलाय."

"चमचा हे माप नाही."

कुमार रसायनीच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होता. नोव्हेंबरात कंपनीने त्याला तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी इंग्लंडला पाठवलं. तिथून लोक चॉकलेटं आणतात, घड्याळं आणतात. कुमारने माल्टचा एक डबा, हॉप्स नावाच्या वाळक्या फुलांची एक पुडी, यीस्टचं पाकीट आणि द्रवाची घनता मोजायचा काचेचा हायड्रोमीटर आणला. तो ज्या घरी उतरला होता, तिथले म्हातारे गृहस्थ गॅरेजमध्ये स्वतःची एल बनवत. फिकट, हलकी, दुपारी चारला प्यायला बसावं आणि आठला उठून घड्याळ दुरुस्त करावं अशी. "बिअर नव्हे, एल," कुमार सांगे. ऐकणाऱ्याला फरक कळत नसे, पण कुमारला तो फार महत्त्वाचा वाटे.

पनवेलला परतल्यावर त्याने ती ओट्याखालच्या वीस लिटरच्या पिंपात केली आणि सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत भरली. सुनंदा पीत नव्हती. पण ती मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी. झालेली होती, आणि यीस्टची आबाळ तिला बघवत नव्हती. पिंपाला ओलं गोणपाट तिने गुंडाळलं, थर्मामीटर तिने लावला, वहीत रोजच्या नोंदी तिनेच केल्या.

या सगळ्यात अडचण एकच होती, ती म्हणजे कलम नऊ. आठल्येकाका घरमालक. दारूबंदी खात्यात एकतीस वर्षं नोकरी करून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. अकरा महिन्यांच्या भाडेकरारात कलम नऊ त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: 'सदर जागेत मद्य करता, बाळगता वा पिता येणार नाही.' करार एकतीस मार्चला संपत होता. ताम्हण्यांनी चार वर्षांत तीन घरं बदलली होती. पहिल्या घरात पाणी दिवसाआड येई. दुसऱ्या घरी मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्याला जागा हवी झाली. या घरात पाणी दोन्ही वेळा येत होतं आणि शाळा सहा मिनिटांवर होती. सुनंदाने ती मोजली होती. हे घर आपल्या हाताने घालवायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं.

बेल वाजली.

"काय फुटलं?" आठल्येकाका दारात उभे होते. त्यांच्या नजरेसमोर फरशीवर पांढरा फेस पसरत होता, आणि त्या फेसात कुमार एका हातात पोछा आणि दुसऱ्या हातात माल्टचा रिकामा डबा धरून उभा होता. डब्यावर जवाच्या ओंबीचं चित्र होतं. कुमारने चित्राकडे पाहिलं.

"जवाचं पाणी, काका."

"ते फुटतं?"

"बाटलीत भरलं होतं."

"कशाला?"

"मुतखड्यावर."

"कोणाला झालाय?"

कुमारने सुनंदाकडे पाहिलं. सुनंदाने प्रयोगवहीकडे पाहिलं.

"मलाच," कुमार म्हणाला आणि त्याने पोटावर हात ठेवला.

"तिथे नसतो," काका म्हणाले. "मागे असतो."

कुमारने हात मागे नेला. काकांनी एक खोल श्वास घेतला. एकतीस वर्षांत या श्वासाने रायगड जिल्ह्यातल्या बऱ्याच लोकांची झोप उडवली होती.

"जवाला असा वास येतो?"

"थोडं आंबवलंय," सुनंदा म्हणाली. "लवकर गुण येतो." आपण हे बोललो याचं तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. पहिलं वाक्य तरी खरं होतं, अशी तिने मनाची समजूत घातली.

"असं?" काका म्हणाले. "मलाही आहे. सहा मिलिमीटरचा. आमची ही करते जवाचं पाणी, पण ते कपड्यांना घालायच्या खळीसारखं लागतं. द्या बघू एक बाटली."

तो चौदा फेब्रुवारीचा रविवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काका रिकामी बाटली घेऊन वर आले. ती धुतलेली होती.

"बरं आहे," ते म्हणाले. "रोज एक चालू ठेवावी म्हणतो."

सुनंदाने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. उरलेल्या बाटल्या सव्वीस. त्यातल्या सहा कुमारने एकवीस मार्चच्या चाखण्याच्या कार्यक्रमासाठी राखून ठेवल्या होत्या आणि त्यांना तो हात लावू देणार नव्हता. राहिल्या वीस. करार संपायला पंचेचाळीस दिवस.

आठवड्याने तिने काकांच्या बाटलीत खरंखुरं जवाचं पाणी, लिंबू पिळून आणि सोडा घालून, भरून दिलं. अर्ध्या तासात काका वर.

"सुनंदाताई, आज काही जमलं नाही. फेस लगेच बसला. आणि कंबरही धरल्यासारखी वाटते."

"बंदच करून टाक ना," कुमार संध्याकाळी म्हणाला. "सांग की माझा खडा पडला."

"तुझा पडला. त्यांचा कुठे पडलाय? माझ्या नवऱ्याचं काम झालं, आता तुम्हाला औषध नाही, असं मी करार संपायच्या तोंडावर सांगू?"

 सुनंदाला उपाय सुचला होता, पण तो तिने त्याला सांगितला नाही. सांगितला असता तर त्याने तो कारखान्यात चार जणांना सांगितला असता.

तिने वाण्याकडून जव आणले. इंग्रजी पुस्तिकेत माल्ट कसा करतात यावर चार पानं होती. ती वाचताना सुनंदाच्या लक्षात आलं, की हे तर आई नाचणीच्या सत्त्वासाठी दर वर्षी करायची. भिजवायचं, पंच्यात बांधायचं, मोड आणायचे, वाळवायचं, मंद भाजायचं, भरडायचं. आईला त्याला चार पानं लागली नव्हती. पहिल्या पिंपाच्या तळाचं यीस्ट तिने लोणच्याच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवलंच होतं. बरणीवर 'विरजण, हात लावू नये' अशी चिठ्ठी होती. हॉप्स संपले होते. कडवटपणासाठी तिने काष्ठौषधीच्या दुकानातून काडेचिराईत आणलं, जे लहानपणी ताप आला की नाक दाबून पाजलं जायचं. साखर तिने शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर मोजली आणि कुमार कामावर असताना ओट्याखालचं पिंप पुन्हा भरलं.

तरी जुन्या बाटल्या संपल्या तेव्हा ते तयार व्हायला चार दिवस बाकी होते.

"काका, कुठल्याही औषधाला मध्ये चार दिवस खाडा द्यावा लागतो," तिने सांगितलं.

"डॉक्टर म्हणाले?"

"मी म्हणते."

काकांनी निमूटपणे चार दिवस मोजले.

याच चार दिवसांत जनी आली. जनी उरणची कोळीण, दर बुधवारी जिताडा किंवा कोळंबी घेऊन यायची. टोपली उतरवता उतरवता तिने दारातच नाक वर केलं.

"वैनी, घरान ताडी ठेवलंस काय गो?"

"हळू बोल, जने!"

"आमी काय कोनाला सांगतांव?" जनी म्हणाली. तिचा आवाज भर बाजारात गिऱ्हाइकाला हाक मारण्यासाठी घडलेला होता.

तिचं तोंड बंद करायला सुनंदाने पिंपातून कप भरून तिच्या हातात दिला. जनीने तो रिकामा केला, पदराने ओठ पुसले आणि थोडा विचार केला.

"हलकी हाय," ती म्हणाली. "ही दुपारची हाय. रातची नाय."

सुनंदाने ते वाक्य तसंच्या तसं वहीत उतरवलं. महिनाभराच्या नोंदींत इतकी नेमकी नोंद दुसरी नव्हती. मग तिने जिन्यातून खाली डोकावून पाहिलं. आठल्येकाकांचं दार बोटभर उघडं होतं.

एकवीस मार्चला अकरा वाजता कुमारचा कार्यक्रम सुरू झाला. पाहुणा एकच, कारखान्यातला गुरुदत्त. रंग, फेस, वास, चव अशा रकान्यांची कार्डं कुमारने रात्री आखली होती. नमुने मांडायचं काम सुनंदाकडे होतं. चाखणाऱ्याला कोणता नमुना कुठला हे कळू नये म्हणून तिने पेल्यांना आकडे दिले: चारशे सतरा, दोनशे त्र्याऐंशी, नऊशे सहा. चारशे सतरा कुमारची एल. दोनशे त्र्याऐंशी म्हणजे तुलनेसाठी ठेवलेलं साधं जवाचं पाणी, लिंबू आणि सोडा घातलेलं. नऊशे सहा तिची स्वतःची. ती कशी झाली आहे, हे तिला न विचारता कोणाकडून तरी जाणून घ्यायचं होतं.

"वहिनी, फक्त फुटाणे? चकली नाही?" गुरुदत्तने विचारलं.

"चकलीने जीभ मरते."

तेवढ्यात बेल वाजली. आज गडबडीत काकांची बाटली खाली गेली नव्हती. काका स्वतःचा पेला घेऊन आले होते. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, कार्डांकडे पाहिलं, गुरुदत्तकडे पाहिलं.

"अरे वा! यांनाही मुतखडा?"

"कोणाला?" गुरुदत्तने विचारलं. कुमारने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. "हो हो," गुरुदत्त म्हणाला, "मला दोन आहेत."

"मग मलाही एक कार्ड द्या," म्हणत काका खुर्ची ओढून बसले.

गुरुदत्तने दोनशे त्र्याऐंशीचे तीन घोट घेतले आणि शर्टाचं वरचं बटण सोडलं. "ही चढतेय हं," तो म्हणाला. "हिच्यात दम आहे."

"जवाचं पाणी चढतं?" काकांनी विचारलं.

"खडा सरकला की असं गरगरतं," कुमार घाईने म्हणाला.

सुनंदाने वहीत लिहिलं: 'दोनशे त्र्याऐंशी: चढते.'

कुमारने तिन्ही पेले दोनदा चाखून नऊशे सहाला सर्वांत जास्त गुण दिले. तो सुनंदाच्या कानाशी वाकला. "हीच माझी. ओळखली की नाही? इंग्लंडची चव लपत नाही."

काकांनी मात्र घाई केली नाही. नऊशे सहाचा पेला त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला, तिरका केला. दोनदा हुंगला, एकदा लांब, एकदा आखूड. एक घोट तोंडात फिरवून गिळला आणि डोळे मिटले. मग कार्डावर नऊ गुण लिहिले.

"साडेतीन टक्के," ते शांतपणे म्हणाले.

 गुरुदत्तचा फुटाणा तोंडाशी थांबला.

"तीन पॉइंट चार," सुनंदा म्हणाली.

ते तिच्या तोंडून निघून गेलं. पंधरा वर्षं मुलांच्या वह्यांत तिने अंदाजे आकडा लिहिण्याची हीच एक चूक लाल शाईने खोडली होती. आपण काय बोललो ते तिला नंतर कळलं.

काकांनी डोळे उघडले. "मोजलंय?"

"दोनदा."

"तापमानाची दुरुस्ती धरून?"

"धरून."

"मग तीन पॉइंट चार," काका म्हणाले. त्यांनी कार्डाच्या कोपऱ्यात तसं लिहिलं, पेला खाली ठेवला आणि ते उठून गेले. जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या, मग खालचं दार वाजलं.

"झालं," कुमार म्हणाला. "तुला काय गरज होती गं? साडेतीन म्हणाले होते, साडेतीन तर साडेतीन!"

"मी बोलतो त्यांच्याशी," गुरुदत्त दोनशे त्र्याऐंशीचा पेला उंचावत उभा राहिला. "आत्ता मला कोणाचीच भीती वाटत नाही."

"ते लिंबू पिळलेलं जवाचं पाणी आहे, भावजी. बसा खाली."

गुरुदत्त बसला. त्याने बटण लावलं.

सुनंदा मोरीकडे बघत होती. नळाला पाणी होतं. पुढचं घर बहुतेक रेल्वेच्या पलीकडे मिळेल, शाळेपासून पस्तीस मिनिटं. या वेळी पुस्तकांना किती खोकी लागतील याचा ती अंदाज करू लागली.

जिन्यावर पुन्हा चपला वाजल्या. काकांनी एक लांबट कागद तिच्यापुढे ठेवला. स्टँपपेपर होता. नवा करार, एक एप्रिलपासून अकरा महिने. खाली काकांची वळणदार सही. सुनंदाने सवयीप्रमाणे तारीख पाहिली, मग पुन्हा पाहिली.

"काका, ही पंधरा फेब्रुवारीची सही आहे."

"बरोबर. चौदाला तुम्ही बाटली दिलीत."

"म्हणजे करार तेव्हापासून तयार होता?"

"होता."

"मग इतके दिवस दिला का नाही?"

"दिला असता, तर सोळा तारखेला बाटली आली असती का?"

सुनंदाने करार वहीखाली सरकवला.

"पण काका, कलम नऊ…" कुमारने चाचरत विचारलं.

"आहे ना, तसंच आहे. त्यात मद्य म्हटलंय, औषध नाही. एकतीस वर्षं मी मद्य पकडलं, ताम्हणे. टायरच्या ट्यूबमधलं, रॉकेलच्या डब्यातलं. पिण्याच्या परवान्यावर 'आरोग्य राखण्यासाठी' असं छापलेलं असायचं, त्यावर माझा कधी विश्वास बसला नाही. फेब्रुवारीत बसला."

खालून काकूंची हाक आली. "अहो, पानं घेतलीत! आणि त्या मुतखडेवाल्यांना म्हणावं, आमच्या ह्यांना उगीच औषधं पाजू नका. यांना काय धाड भरलीय?"

काकांनी काही ऐकलं असं दाखवलं नाही.

"काका," कुमारने विचारलं, "तुमचा खडा कसा आहे?"

"तुमचा कसा आहे?"

"बरा आहे."

"माझाही." काका दारापर्यंत गेले आणि वळले. "या नऊशे सहामध्ये काडेचिराईत आहे. इंग्लंडात मिळतं का हो, ताम्हणे?"

कुमारने नऊशे सहाच्या पेल्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. बायको टेबलाशी बसून वाण्याची यादी करत होती. तिने 'जव' लिहिलं, अकरा महिन्यांचा आकडा मनात मांडला आणि पुढे 'चौतीस किलो सहाशे ग्रॅम' असं लिहिलं. पस्तीस लिहिणं तिला जमलं नसतं.