उंच आई, ठेंगणा बाप

"अवो, आता त्याच्याशी बोलाले बी लागले का तुमी?" गोजराबाईने घागर रांजणात रिकामी करता करता विचारलं.

"बोलून नाई राह्यलो. आइकून राह्यलो," पुंजाजी म्हणाला.

सपरीतल्या, म्हणजे घरापुढच्या पडवीतल्या, रांजणाच्या बुडाशी पाझरलेल्या पाण्याने रेती सदा ओली असायची. त्या रेतीत एक नारळ अर्धा पुरलेला होता आणि पुंजाजी त्याच्यासमोर मांडी घालून, गालावर हात ठेवून बसला होता. सकाळी बसला की ऊन सपरीत येईपर्यंत उठायचं नाव नाही. बरं, नारळ तरी काय बोलणार? तो आपला गप्प पडून होता. पण पुंजाजीच्या कानात मात्र झावळ्या वाजायच्या.

हे कानात वाजणं रामेश्वराचं. गावची मंडळी यात्रेला गेली तेव्हा सगळ्यांनी देव पाहिला, समुद्र पाहिला, शंख आणले. पुंजाजीने पाहिली ती नारळाची झाडं. वाऱ्यावर ती अशी काही सळसळत होती, की हा माणूस देवळाची वाट सोडून झाडाखाली जो आडवा झाला, तो मंडळींनी शोधून उठवला तेव्हाच उठला. तेव्हापासून दुपारी निंबाखाली बाज टाकून डोळे मिटले, की शिरपूरच्या बाजूच्या त्याच्या काळ्या रानात, विहिरीच्या काठावर झाडं उभी राहायची. रोज दुपारी ती थोडी थोडी वाढायची. कधी कधी तर एखादा नारळ धपकन विहिरीत पडायचा आणि पुंजाजी दचकून जागा व्हायचा. झोपेत त्याच्या तोंडावर असं समाधान दिसायचं, की गोजराबाईला त्याला हाक मारायचं जिवावर यायचं.

आता हा नारळ आला कुठून, ते सांगायला हवं. शेतकी खात्याचे आठल्ये साहेब शिरपूरच्या बाजारात कपाशीच्या बियाण्यावर बोलायला आले होते. भाषण संपल्यावर लोकांनी कपाशीचं विचारलं, बोंडअळीचं विचारलं. एकट्या पुंजाजीने उठून विचारलं, "साहेब, आमच्या रानात नारळ येईन का?"

लोक खो खो हसले. साहेब हसले नाहीत. ते मूळचे रत्नागिरीचे, वऱ्हाडात बदली होऊन आलेले. नारळाचं नाव काढणारा माणूस त्यांना बऱ्याच काळाने भेटला होता. त्यांनी पुंजाजीला बाजूला नेलं आणि चहा पाजला. दक्षिणेत नारळावर संशोधन चालतं, तिथे बेटाबेटांवरच्या जाती आणून लावल्या आहेत, आणि आपला एक मित्र त्या जातींची लग्नं लावतो, असं सांगितलं.

"लग्नं?" पुंजाजीने डोळे मोठे केले.

"मग काय! उंच झाड शंभरी गाठतं, पण फळ द्यायला फार वेळ लावतं. ठेंगणं झाड लवकर फळतं, पण नाजूक. म्हणून ठेंगण्याच्या फुलातला पराग उंच झाडाच्या फुलाला लावायचा. उंच आई, ठेंगणा बाप. होणारं पोर दोघांचे गुण घेईल, अशी आशा."

पुंजाजी पाघळला तो इथे. तो स्वतः बुटका, आणि गोजराबाई त्याच्यापेक्षा चांगली वीतभर उंच. लग्नात अंतरपाट खाली घेतला तेव्हा नवरा दिसेना म्हणून मांडव हसला होता. लग्नाला इतकी वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता. कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण दोघांच्याही मनात ते कायम असायचं.

तर साहेबांनी मित्राकडून तसला एक नारळ मागवला आणि पुंजाजीच्या हाती दिला. "ओल्या रेतीत अर्धा पुरा. कोंब येईपर्यंत हलवू नका. मग विहिरीवर लावू. आणि हे बघा, आई हिरवी आहे, बाप केशरी. कोंब नुसता हिरवा आला, तर बापाचा काही संबंध नाही समजायचं. तांबूस आला, तर लग्न जमलं. दसऱ्याच्या सुमारास मी येतो पाहायला."

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा असा, की गावाने आजवर पाहिलेला नारळ म्हणजे सोललेला, शेंडीवाला, देवापुढे फोडायचा. अंगावर साल असलेला नारळ यात्रेला गेलेल्यांनीही हातात धरून पाहिला नव्हता. भिंतीपलीकडचा चुलतभाऊ जगदेव खांद्यावर कुऱ्हाड टाकून आला आणि रेतीपुढे उकिडवा बसला.

"हे नारळ? नारळाले शेंडी असते गा! हे तं टकलं हाये."

"आत हाये ना नारळ. वरून साल हाये."

"मंग फोडून पाहू. असला तं खाऊ, नसला तं साहेबाले शिव्या देऊ."

"हात लावशीन तं याद राख!" पुंजाजी आडवा पडला.

पण जगदेवला एकदा खाज सुटली की सुटली. रोज रानात जाताना तो कुऱ्हाडीसकट डोकावायचा. "पाहू का दादा? एकच घाव!" पुंजाजीला शेतात जायची चोरी झाली. खुरपणी खोळंबली. गेलाच तर अर्ध्या वाटेवरून परत यायचा.

असाच एकदा तो धापा टाकत परत आला, तर नारळावर कुंकवाचं बोट ओढलेलं.

"हे कोनं केलं?"

"मले काय पुसता? बायका येतात, जातात," असं म्हणून गोजराबाई चुलीकडे वळली.

तेवढ्यात जगदेव आला. कुंकू दिसताच त्याने कुऱ्हाड दाराबाहेर ठेवली, चपला काढल्या आणि हात जोडले. पुंजाजीचा जीव भांड्यात पडला. पडला खरा, पण फार वेळ राहिला नाही.

दुसऱ्याच दिवशी गल्लीच्या टोकाची मनकर्णाबुढी हळद घेऊन आली. तिचं डोकं कितीतरी दिवसांपासून दुखत होतं, ते त्याच दुपारी थांबलं. झालं! आता बुढीचं तोंड कोण थांबवणार? तिने गावभर सांगितलं, की पुंजाजीच्या रांजणाजवळ देवी बसली आहे, तो तिच्यापुढे मौन धरून बसतो आणि कोणाला सांगत नाही. बायकांनी देवीला रांजणाई असं नावही देऊन टाकलं. तांड्यावरून नानीबाई शेळीचं दूध घेऊन आली आणि ते तिने भक्तिभावाने नारळावर ओतलं. कोणी तेल घातलं. कोणी वर घंटा टांगली, ती नेमकी पुंजाजीच्या कपाळाला लागायची.

"अवं बाई, नारळ हाये तो! नुसता नारळ!" पुंजाजी रडकुंडीला येऊन म्हणायचा.

"देवाच्या मानसाले असंच बोलनं शोभते," मनकर्णाबुढी म्हणायची आणि हळदीचा आणखी एक गोळा थापायची.

दुपारी सगळे गेले, की पुंजाजी धोतराच्या सोग्याने दूध टिपायचा, मुंग्या झटकायचा. बिचारा नारळ आत कुजत तर नसेल? या धास्तीने निंबाखालची झोपही बिघडली. स्वप्नात झाडं यायची, पण आता त्यांच्या बुंध्यांना हळद लागलेली असायची आणि वरून घंटा वाजायच्या.

नवरात्र आलं. बायकांनी रेतीच्या कडेने काळी माती घालून गहू पेरले, दिवा लावला. गहू तरारून वर आले. नारळ हळदीच्या जाड थराखाली पार झाकून गेला. आणि दसरा तोंडावर आला तेव्हा जगदेवला मोठा शोध लागला.

"दादाच म्हनते ना, नारळ हाये म्हून? मंग घटातला नारळ दसऱ्याले फोडतातच. परसाद होते त्याचा!"

"देवी फोडतं का रे मेल्या?" मनकर्णाबुढी कडाडली.

गावात सरळ दोन तट पडले. दसऱ्याच्या सकाळी सगळे पुंजाजीच्या सपरीत जमले. जगदेवने कुऱ्हाड घासून आणली होती, वर झेंडूचं फूलही खोचलं होतं.

"तू सांग दादा. तुह्या घरचं हाये. नारळ का देवी?"

इतके दिवस पुंजाजीने घसा फोडून खरं सांगितलं, तेव्हा कोणी ऐकलं नाही. आता खरं सांगावं तर नारळाचे दोन तुकडे होतात. देवी म्हणावं, तर साहेबांना काय तोंड दाखवायचं? अन् देवीला उचलून विहिरीवर कोण नेऊ देणार? त्याने गोजराबाईकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

तेवढ्यात बाहेर दमणीचे बैल थांबले. आठल्ये साहेब उतरले. गर्दी पाहून त्यांना वाटलं, गावाला संशोधनाची गोडी लागली. त्यांना भरून आलं.

"वा, पुंजाजी! कोंब आला का?"

"काय मालूम, साहेब. दिसूनच नाई राह्यलं."

साहेब बूट काढून उकिडवे बसले. हळदीच्या थराला एका बाजूने फुगवटा आला होता, मधोमध तडा गेला होता. साहेबांचे डोळे चमकले. "अहो, आलाय! रंग बघू या," म्हणत त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि कुंकवाकडे नेला.

सपरीत एकदम कालवा झाला. "कुकू पुसता? देवीचं? सनावाराचं?" बायका अंगावर धावल्या. साहेबांचा रुमाल हवेतच राहिला. कोकणातल्या माणसालाही कुंकू पुसण्याचा अर्थ सांगायची गरज नव्हती. ते घामाघूम झाले.

"मंग फोडाच," जगदेव म्हणाला आणि पुढे सरकला.

पुंजाजीला उभ्या जन्मात कधी वेळेवर काही सुचलं नव्हतं. बाजारात भाव सुचायचा तो घरी आल्यावर. पण त्या घटकेला त्याच्या तोंडून शब्द बाहेर पडले.

"पुसाचं काहून? न्हाऊ घाला ना! दसऱ्याच्या दिवशी गाव न्हाते, ढोरं न्हातात, अन् देवीच तेवढी पारोशी?"

मनकर्णाबुढी दोन पावलं मागे सरकली. यात खोट काढायला जागाच नव्हती. उलट हे आपल्याला कसं सुचलं नाही, याचीच तिला चुटपुट लागली.

गोजराबाई कधी रांजणाकडे गेली, कोणाला कळलं नाही. तिने तांब्या भरून धार धरली. लाल पाणी वाहिलं, पिवळं वाहिलं, हळदीचे पोपडे सुटले. नारळाच्या डोक्याशी बोटाएवढा टोकदार कोंब होता. साहेबांनी मान तिरकी केली. धार पडतच होती, आणि पाणी स्वच्छ यायला लागलं तरी कोंबाची तांबूस झाक काही गेली नाही.

"जमलं!" साहेब ओरडलेच. "पुंजाजी, लग्न जमलं हो!"

"आईसारकं हाये का बापासारकं?" पुंजाजीने अगदी हळू विचारलं.

"दोघांसारखं. दोघांचंच आहे."

पुंजाजीचे डोळे भरून आले. त्याने मान वर करून बायकोकडे पाहिलं, तर तिने पदर तोंडाला लावला होता.

"परगटली व माय!" मनकर्णाबुढीने रेतीपुढे डोकं टेकलं. जगदेवच्या हातून कुऱ्हाड गळाली. त्याने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्या. आता कोणाला काही शंका म्हणून उरली नाही.

"छान!" साहेब हात झटकत उठले. "आता विहिरीवर खड्डा घेऊ, आणि हलवू या."

"हलवाची नाई!" सगळं गाव एका सुरात ओरडलं. सर्वांत मोठा आवाज जगदेवचा होता.

साहेबांनी परोपरीने समजावलं. ऊन लागतं, मोकळी हवा लागते, मुळं पसरायला जागा लागते. गावाने सगळं ऐकून घेतलं आणि ऊन, हवा, जागा हे सगळं सपरीतच पुरवायचं ठरवलं. रांजण हलला, देवी नाही. पुढे झावळ्या छताला टेकल्या, तेव्हा जगदेव अंघोळ करून वर चढला आणि त्याने आपल्या हाताने छपरावरचे कवेलू उतरवले. पावसाळ्यात पुंजाजीची सपरी गळत नसे, कारण गळायला वर काही राहिलंच नव्हतं.

अशाच एका दुपारी तो सपरीत बाजेवर उताणा पडला होता. झावळ्यांतून ऊन गळत होतं.

"त्या दिवशी कोनं कुकू लावलं नसतं, तं हे आज विहिरीवर असतं," तो उसासा टाकून म्हणाला.

गोजराबाई खाली बसून तूर निवडत होती. "मीच लावलं होतं," ती म्हणाली.

पुंजाजी ताडकन उठून बसला. "तू? अन् काहून?"

"तुमी रानात गेलते. जगदेवभावजी कुऱ्हाड घेऊन घरातून निंगाले होते. मी काय करू? म्हनलं, कुकवावर घाव नाई घालत कोनी." तिने सूप खाली ठेवलं. "तुमीच सांगतलं होतं ना, उंच आई अन् ठेंगना बाप. मंग मी फोडू देलं असतं का त्याले?"

पुंजाजी बाजेवर एका बाजूला सरकला. गोजराबाई इकडेतिकडे पाहत काठावर बसली. आजूबाजूला कोणी नव्हतं. तेवढ्यात वारं सुटलं आणि झावळ्या रामेश्वरासारख्या सळसळल्या.

"आइकून राह्यली का?" त्याने विचारलं.

"आइकून राह्यली," ती म्हणाली.