कुंडीतला जावई

झाडांची थंडी मला कळते! कुळगावात लहानाचा मोठा झालो, बापजाद्यांची भातशेती; तेव्हा साहेबांचा पाम थंडीभर सांभाळायचं निघालं आणि मीच छाती काढून पुढे झालो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आनंदनगरच्या एका कारखान्यात मी हंगामी होतो. दिवाळीनंतर आमचे दिनानाथसाहेब बाईसाहेबांना घेऊन गावी निघाले. त्यांना मूलबाळ नव्हतं. दिवाणखान्यातला पाम बाईसाहेबांनी लेकरासारखा वाढवलेला. साहेब मला म्हणाले, "आनंदा, एक जरी पान पिवळं पडलं, तर कायम व्हायचं विसर."

कुंडी टेम्पोत घालून चाळीत आणली. दिवसा ऊन मिळावं म्हणून अंगणात ठेवली, आईच्या डालड्याच्या डब्यातल्या तुळशीशेजारी. पण बारवी धरणाकडून येणारं वारं संध्याकाळी हाडं गोठवायचं, आणि मला एकदा कामावरून यायला उशीर होणार होता. म्हणून निघतानाच बंदोबस्त केला. खोडाला माझ्या लग्नातली जरीकाठी शाल गुंडाळली आणि पानं एकत्र करून त्यांना लग्नातलाच फेटा बांधला. काय रुबाबदार दिसत होता!

त्या दिवशी तुळशीचं लग्न होतं, हे माझ्या ध्यानातच नाही.

परतलो तर अंगणात मंगलाष्टकं चाललेली. शेजारच्या जनाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तुळशीजवळ फेटा बांधून उभा असलेला नवरदेव दिसताच त्यांनी अंतरपाट धरायला लावला होता. देवघरातला बाळकृष्ण घेऊन आई बाहेर येईपर्यंत अक्षता पडल्या होत्या.

मी फेटा सोडायला धावलो. आईने मनगट धरलं. "खबरदार! लग्न लागलंय. आता तो जावई आहे आपला."

मग काय विचारता! जावयाला रोज कोमट पाणी, संध्याकाळी ओवाळणं. त्यात जनाबाईंना आठवलं की नवरदेवाला हळद लागलीच नाही. चाळीतल्या बायकांनी हौसेने पान न् पान माखलं. मी कामावरून आलो तेव्हा अख्खा पाम पिवळाधमक! ओल्या फडक्याने पुसून पुसून माझे हात पिवळे झाले, पानं होती तशीच राहिली. आणि दुसऱ्याच दिवशी, थंडी सरायच्या आधीच, साहेब-बाईसाहेब दारात हजर.

साहेबांनी पामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझी नोकरी गेल्यात जमा होती. तेवढ्यात आई हात पुसत पुढे आली.

"घाबरू नका बाईसाहेब, हळद आहे ती. तुमच्या मुलाचं लग्न झालं आमच्या तुळशीशी."

बाईसाहेबांचे डोळे भरून आले.

"आणि मुलाच्या आईला आमंत्रण नाही?" त्या म्हणाल्या.

मग मानपान आलं. आईने खणानारळाने ओटी भरली, चहा-पोहे झाले. निघताना बाईसाहेबांनी पामासोबत हक्काने सूनही मागितली. आई डबा हातात देताना ढसाढसा रडली. "दुपारचं ऊन सोसत नाही हो तिला," एवढंच म्हणाली. मलाही गहिवरून आलं.

साहेबांनी मला महिनाभरात कायम केलं. व्याह्याला हंगामी ठेवणं बरं दिसत नाही, म्हणाले.

पुढच्या दिवाळीला त्यांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "दिवाळसणाला जावयाला कधी नेताय?" मी नवी पितळी कुंडी घेऊन टेम्पो नेला. जावई आले ते थंडीभर मुक्कामालाच.

या खेपेला मी त्यांना काहीही गुंडाळलं नाही. कुडकुडले तरी चालतील. पलीकडेच जनाबाईंची तुळस बिनलग्नाची उभी होती.