मोफत सल्ला, टेबल क्रमांक एक

"साहेब, माझ्या पत्राचं तेवढं बघता का?" बाईंनी विचारलं. वकीलसाहेबांनी मान वर न करताच "पुढच्या आठवड्यात नक्की" असं सांगून टाकलं. महिन्याभरात हे त्यांनी चौथ्यांदा सांगितलं होतं.

मागणी तशी काही फार नव्हती. बाई एकोणीस वर्षं साहेबांच्या ऑफिसात टायपिंगपासून कोर्टाच्या तारखांपर्यंत सगळं सांभाळत होत्या, आणि एवढ्या वर्षांत त्यांना नेमणुकीचं पत्र म्हणून कागदाचा चिटोराही मिळाला नव्हता. आता आईच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता, म्हणून बाईंनी तळमजल्यावरची एक जागा बघून ठेवली होती. पण नोकरीचा कागद बघितल्याशिवाय नवा घरमालक किल्ली द्यायला तयार नव्हता, आणि महिनाअखेरीनंतर थांबायलाही तयार नव्हता.

साहेबांना मात्र वेळ नव्हता, कारण साहेब कामगारांच्या हक्कांसाठी झटत होते. नोकरीचे खटले चालवणाऱ्या वकिलांच्या संघटनेने महिन्यातल्या एका शनिवारी कामगारांना फुकट सल्ला द्यायचं ठरवलं होतं, आणि साहेब त्याचे निमंत्रक होते. उद्घाटनाला निवृत्त जजसाहेब यायचे होते. संघटनेचा पुढचा अध्यक्ष कोण, हे त्यांच्याच शब्दावर ठरायचं होतं. साहेबांनी नवा कोट शिवायला टाकला होता.

स्वयंसेवक व्हायला सगळे एका पायावर तयार झाले. अडलं ते सहीशी. साहेबांनी एका ओळीचा साधा फॉर्म पाठवला होता: 'मी स्वेच्छेने दोन तास सल्ला देईन.' पण जन्मभर दुसऱ्यांना 'वाचल्याशिवाय सही करू नका' असं बजावणारी ही माणसं. ती स्वतः कशी सही करतील?

"दोन तास म्हणजे चहाची सुटी धरून की सोडून?" पोटकलमांनी फोन केला. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेतही अटी छापल्यापासून त्यांना सगळे पोटकलमच म्हणत.

"आणि उद्या कुणी म्हणालं, आम्ही संघटनेचे नोकर आहोत, तर?" कंपन्यांची बाजू लढवणाऱ्या वकिलांनी विचारलं.

"अहो, तुम्ही फुकट काम करताय!"

"तेच म्हणतोय मी. फुकट राबवून घेतल्याचा आरोप आला, तर तो आणखी वाईट."

होता होता फॉर्म चौदा पानांचा झाला. स्वयंसेवकाला दर तासाला चहा, पाठ असलेली खुर्ची, वेळ संपल्यावर मिनिटभरही काम नाही, जेवताना फोन नाही, आणि सात दिवसांच्या आत लेखी आभार. साहेबांनी स्वतःचंही एक कलम घुसडलं: 'मालकवर्गास या केंद्रात मोफत सल्ला मिळणार नाही.' या फॉर्मच्या अकरा आवृत्त्या निघाल्या आणि अकराही बाईंनी टाईप केल्या, बहुतेक शनिवारी. बाईंचा शनिवार अर्धा दिवस असतो, असं साहेब सगळ्यांना अभिमानाने सांगत. तो कुठला अर्धा, हे एकोणीस वर्षांत ठरायचं राहून गेलं होतं.

"साहेब, हे सगळं फुकट काम करणाऱ्याला मिळतं?" अकराव्या आवृत्तीला बाईंनी विचारलं.

"मिळायलाच हवं! माणसाला काही मान नको का?"

"हवा की," बाई म्हणाल्या आणि पुढचं पान टाईप करायला लागल्या.

मग आलं पत्रक. मूळ मजकूर होता, 'नोकरीत अडचण आहे? या. सल्ला मोफत.' कंपनीवाल्या वकिलांना 'अडचण' खटकली, कारण ती अजून सिद्ध झालेली नव्हती. पोटकलमांना 'या' हा शब्द फार मोघम वाटला. शेवटी छापून आलं ते असं: 'ज्या व्यक्ती स्वतःस कामगार समजतात, त्यांनी आपल्या कथित अडचणींसह, संघटनेवर कोणतीही जबाबदारी न येता, स्वतःच्या जोखमीवर उपस्थित राहावे.' कारखान्याच्या फाटकावर पत्रकं वाटली, तेव्हा लोकांना ती कोर्टाची नोटीसच वाटली. जो तो त्यात आपलं नाव नाही ना, एवढं बघून पत्रक मुकाट्याने परत देऊन गेला.

शनिवारी हॉलमध्ये अकरा टेबलं मांडली होती, पाठ असलेल्या खुर्च्यांवर अकरा वकील बसले होते आणि चहाचा दुसरा फेरा झाला होता. कामगार मात्र औषधालाही नव्हता. जजसाहेब यायला दहा मिनिटं उरली, तसे साहेब बाईंकडे धावले.

"बाई, कुणाला तरी धरून आणा हो! खालच्या वॉचमनला तरी!"

"त्याला विचारलं, साहेब. तो म्हणतो, मी तो कागद वाचलाय, मला भानगडीत पडायचं नाही."

"आता माझी अब्रू जाते की काय!"

"मी बसू का?" बाईंनी विचारलं.

साहेबांचा चेहरा उजळला. "बसा, बसा! काहीतरी रचून सांगा. अन्याय जरा सढळ हाताने घाला."

"घालते," बाई म्हणाल्या.

जजसाहेब आले ते थेट टेबल क्रमांक एकजवळ उभे राहिले. साहेबांनी कोट सारखा केला आणि समोरच्या बाईंकडे अनोळखी नजरेने पाहिलं. ते त्यांना फारसं जड गेलं नाही.

"बोला, काय तक्रार आहे?"

"एका ठिकाणी एकोणीस वर्षं काम करते. नेमणुकीचं पत्र नाही."

"एकोणीस वर्षं!" साहेबांनी टेबलावर मूठ आपटली.

"जेवताना घास खाली ठेवून फोन मीच उचलायचा. अर्धा शनिवार संध्याकाळी सहाला संपतो. आईसाठी तळमजल्यावर जागा बघितलीय, घरमालकाला दाखवायला पत्र हवंय. चारदा मागितलं. दर वेळी 'पुढच्या आठवड्यात'."

बाजूच्या टेबलावर पोटकलमांना ठसका लागला. कंपनीवाल्या वकिलांनी कपाआड तोंड लपवलं. साहेबांना मात्र कौतुकच वाटलं. खरेपणा यावा म्हणून बाईंनी घरचे एक-दोन तपशील किती हुशारीने वापरले होते!

"मालक माणूस कसा आहे?" जजसाहेबांनी विचारलं.

"वाईट नाहीत हो. कामात असतात. समोरचं दिसत नाही त्यांना."

"हे असले चांगले मालकच घातक!" साहेब कडाडले. "वाईटाशी माणूस भांडतो तरी. यांच्यापायी वर्षानुवर्षं गप्प बसतो. घ्या लिहून!"

बाईंनी सवयीने वही काढली. साहेबांनी एका दमात नोटीस सांगितली: तीन दिवसांत नेमणूकपत्र द्यावे, अन्यथा एकोणीस वर्षांचा जाब कोर्टात द्यावा लागेल. "याला जगात उत्तर नाही," ते जजसाहेबांकडे वळून म्हणाले. बाईंच्या वहीकडे बघून जजसाहेब खो खो हसले. साहेबांना ते कौतुकाचंच हसणं वाटलं.

बाईंनी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर नोटीस टाईप करून पुढे ठेवली आणि सहीच्या जागी बोट टेकवलं. त्या बोटाखाली साहेब एकोणीस वर्षं सही करत आले होते. पत्ता कागदाच्या वर असतो, आणि बोट खाली होतं.

मंगळवारी रजिस्टर्ड डाक आली. बाईंनी ती आवक वहीत चढवून टेबलावर ठेवली. साहेबांनी वाचायला सुरुवात केली. "काय झणझणीत लिहिलंय हो! कुणी—" म्हणता म्हणता त्यांना खालची सही दिसली. मग वरचा पत्ता दिसला. त्यांना लाज वाटली, अगदी खरीखुरी. एवढ्या वर्षांत बाईंची गोष्ट त्यांनी पहिल्यांदा पुरती ऐकली, आणि तीही बनावट समजून.

तरी वकिलाचा पिंड. त्यांनी पोटकलमांना फोन लावला. "माझी केस घेतोस का? मोफत?"

"मालकांना मोफत सल्ला नाही. कलम चार. तूच घातलंस."

साहेबांनी फोन ठेवला. "बाई, तुमचं पत्र टाईप करा."

बाईंनी खणातून पत्र काढलं. ते कधीच टाईप करून ठेवलेलं होतं. ते पुढे ठेवून त्यांनी बोट टेकवलं. साहेबांनी पेन उचललं, पण या वेळी आधी वाचायला लागले.

"तब्येत बरी आहे ना, साहेब?" बाईंनी काळजीने विचारलं.

"पाठ असलेली खुर्ची, शनिवारी एकनंतर मिनिटभरही काम नाही, जेवताना फोन नाही... हे तर स्वयंसेवकांच्या फॉर्ममधलं!"

"हो. फुकट काम करणाऱ्याला मिळतं, तेवढंच मागितलंय."

साहेबांनी सही केली. बाईंनी पत्राची घडी घालून ते पर्समध्ये ठेवलं आणि डबा उघडला. तेवढ्यात फोन वाजला. साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई शांतपणे घास चावत होत्या. पाचव्या घंटेला साहेबांनीच रिसीव्हर उचलला.

"हॅलो... तुमची पुढची तारीख? ती बाईंनाच ठाऊक. त्या जेवताहेत, अर्ध्या तासाने करा... मी?" साहेबांनी क्षणभर विचार केला. "मी इथे मदतीला असतो."