तीन कप्प्यांचे उतेकरभाऊ

आमच्या ऑफिसात प्रिंट काढायची असली की आधी खुर्चीतून उभं राहावं लागे. उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कप्प्याचं नाव घ्यावं लागे, नव्या नवरीने उखाणा घ्यावा तसं. "मधला कप्पा, चार कागद!" मग हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज यायचा, "येऊ दे गो!" आणि त्यानंतरच संगणकावर बटण दाबायचं. न विचारता दाबलंत तर धोंडू उतेकर नावाचे गृहस्थ जागेवरून तुमच्याकडे असे बघायचे, की आपण त्यांच्या गोठ्यात शिरून म्हैस सोडून नेतोय की काय असं वाटावं.

मी तिथे अकाउंट्सला होते. महाडच्या एमआयडीसीतली आमची कंपनी रंगाचा कच्चा माल बनवायची. दोन हजार साल उलटून गेलं होतं, टाइपरायटर माळ्यावर गेले होते आणि मुंबईहून एक भलामोठा प्रिंटर आला होता. सगळ्या टेबलांवरचे संगणक त्या एकाच प्रिंटरला जोडलेले. तो कुठे ठेवायचा यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी जिथे प्लग होता तिथे ठेवला. प्लग होता टपालाच्या टेबलाशेजारी, आणि टपालाच्या टेबलावर बसायचे उतेकरभाऊ. झालं!

भाऊ मूळचे पोलादपूरच्या पलीकडचे. उमरठवरून पुढे डोंगर चढून गेलं की त्यांची वाडी. लहानपण सगळं म्हशींच्या मागे गेलेलं, त्यामुळे कुठल्याही मुक्या वस्तूचं दुखणं आपल्याला कळतं असा त्यांचा पक्का समज होता. मशीनला तीन कप्पे होते. त्यांना ट्रे म्हटलेलं भाऊंना अजिबात खपत नसे. "ट्रे चहाला. ह्यो कप्पा." वरच्या कप्प्यात कंपनीच्या नावाचे छापील लेटरहेड, मधल्यात साधे कोरे कागद, खालच्यात कोर्टकचेरीचे लांब कागद. कुठला हवा ते संगणकात आधी सांगावं लागतं. नाही सांगितलं तर मशीन स्वतःच्या मर्जीने हवा तो कागद ओढते. हे आम्हाला कळलं ते कदमांच्या मुलीच्या बारशाने.

स्टोअरमधल्या कदमांनी जेवणाच्या सुट्टीत बारशाचं आमंत्रण टाइप केलं, प्रिंट दिली आणि ते हात धुवायला गेले. मशीनने ओढले लेटरहेड! वर कंपनीचं चिन्ह, ठसठशीत निळ्या अक्षरांत नाव, तळाला कारखान्याचा पत्ता. कदमांना ते इतकं आवडलं, की त्यांनी तसंच सगळीकडे वाटलं. आत लिहिलं होतं 'राहत्या घरी', पण कदमांनी नुकतीच खोली बदललेली, आणि पत्ता काय तो कारखान्याचा. बारशाच्या दिवशी नाते गावाहून त्यांच्या सासुरवाडीची मंडळी टेम्पो करून थेट गेटवर हजर. टेम्पोत पाळणा, बायका नऊवारीत, हातात अंगडी-टोपडी. वॉचमनने त्यांना वजनकाट्याशेजारी रीतसर बसवलं आणि आत फोन केला, "साहेब, पाळण्याची डिलिव्हरी हाय, बिल नाय."

दुसऱ्या दिवशी भाऊंनी कायदा केला. "आधी कप्पा, मग धप्पा!" धप्पा म्हणजे बटण. त्यांना हा कायदा करायला कोणी सांगितलं होतं? कोणीही नाही. पण इतक्या ठसक्यात सांगितल्यावर साहेबलोकसुद्धा उभे राहून कप्पा पुकारायला लागले. मी पहिल्यांदा उठले नाही. मला म्हणाले, "बाय, तुला येगळा कायदा हाय का?" सगळे हसले. माझं डोकं असं सणकलं म्हणता! पण उठले.

भाऊंचं कागद भरणं बघण्यासारखं असे. गठ्ठा घ्यायचा, कानाशी धरून फुर्रकन फुलवायचा, मग वास घ्यायचा. "ओला हाय. मशीन पोट धरंल." आमच्याकडे पावसाळ्यात मिठाचं पाणी होतं, तिथे कागदाची काय कथा. भाऊ गठ्ठे बल्बच्या उबेला ठेवायचे आणि कोणी बल्ब बंद केला तर दिवसभर बोलायचे नाहीत. मशीनला ते सरळसरळ म्हैसच समजत. नारिंगी दिवा लागून ती थांबली की म्हणत, "अडली." हिरवा लागून कागद सुटायला लागले की, "पान्हावली!" एकदा जिल्ह्याचे कोणी अधिकारी बसलेले असताना ते असं ओरडले, आणि पुढची पंधरा मिनिटं आमचे साहेब त्या अधिकाऱ्यांना कारखान्यात जनावरं नाहीत हे पटवून देत होते.

आणि ती अडायची फार! इतका कायदा, इतकी निगा, तरी दिवसातून चार-पाचदा नारिंगी दिवा ठरलेला. आपण मधला कप्पा पुकारायचा, संगणकातही तोच सांगायचा, तरी मशीन म्हणायची, या मापाचा कागद माझ्याकडे नाहीच. अगं बाई, गठ्ठाभर आहे की पोटात! मग उठून भाऊंच्या टेबलापर्यंत जायचं. भाऊ चष्मा लावायचे, मशीनच्या बारक्या पडद्यावर डोळे बारीक करून बघायचे, एक बटण दाबायचे आणि मध्येच आपल्याकडे वळायचे. "पोराचा ताप उतरला का गो?" उतरला म्हटलं की, "डबा काय आणलायस?" मग खणातून भाजलेल्या फणसाच्या आठळ्या निघायच्या, नाहीतर द्रोणभर करवंदं. "खा. माझ्या वाडीवरची हायत." आपण खातोय, बोलतोय, सासूचं गाऱ्हाणं सांगतोय, आणि सगळं सांगून झालं की मशीन पान्हावायची. कुणाच्या घरी काय चाललंय ते भाऊंना ठाऊक नाही असं व्हायचं नाही. कदमांनी दुसऱ्या बाळाची बातमी घरच्यांआधी प्रिंटरपाशी सांगितली.

भाऊंच्या घरचं मात्र विचारलं की उत्तर एकच. "बरं चाललंय." त्यांची बायको नातवाला सांभाळायला दोन महिन्यांसाठी डोंबिवलीला मुलाकडे गेली होती. तो नातू आता शाळेत जात होता. भाऊ महाडात एक खोली घेऊन राहायचे, खानावळीची भाकरी आणायचे, आणि सुट्टीच्या दिवशी बंद घराची कौलं बघायला वाडीवर जायचे. "कधी येतायत वहिनी?" असं मी एकदा विचारलं. "येईल की," म्हणाले आणि कागदाचा गठ्ठा कानाशी नेला.

मग नवे मॅनेजर आले, कामत साहेब. माणूस शांत, पण वेळेचा भलता पक्का. त्यांचं पत्र दोनदा नारिंगी दिव्यात अडकलं आणि सोमवारी सकाळी त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं. म्हणाले, "हा प्रिंटर शनिवारपर्यंत नीट चालला तर ठीक. नाहीतर विकून टाकू आणि प्रत्येकाच्या टेबलावर एकेक छोटा प्रिंटर देऊ. उठायला नको, ओरडायला नको."

आम्ही मनातून खूशच झालो, खोटं कशाला बोलू. भाऊ तेवढे पांढरेफटक पडले. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आले. आजवर कधी आले नव्हते. "बाय, तू साहेबांशी बोल. ती गेली तर माझ्याकडं ऱ्हायलं काय? टपाल? टपाल आता वायरीतनं जातंय."

"अहो भाऊ, मग ती थांबणार नाही एवढं बघा. आठवडा काढा."

"आठवडा ना?" ते म्हणाले. "काढतो."

आणि काय सांगू, काढलाच त्यांनी! सोमवारी एकदाही नारिंगी दिवा नाही, मंगळवारीही नाही. कप्पा पुकारा, धप्पा द्या, भरभर कागद. कामत साहेब जाता-येता हिरव्या दिव्याकडे बघून मान हलवायचे. आम्ही तर सुटलोच. जागेवरून प्रिंट द्यायची, पुढच्या कामाला लागायचं आणि संध्याकाळी घरी जाताना सगळे कागद एकदम उचलायचे. पहिल्यांदाच माझी कामं वेळेत व्हायला लागली.

भाऊ मात्र कसेतरीच दिसायला लागले. "येऊ दे!" नेहमीपेक्षा मोठ्याने ओरडायचे आणि मग नुसतेच मशीनकडे बघत बसायचे. बुधवारी दुपारी त्यांनी मला तिकडून हाक मारली, "बाय, तुझे कागद आले गो."

"राहू द्या भाऊ, जाताना नेते."

थोडा वेळ गेला. "गरम गरम हायत," ते म्हणाले.

मी हातानेच 'नंतर' अशी खूण केली. पगाराची कामं समोर होती, कोण उठतंय!

गुरुवारी मशीन अडली. एकदा नाही, तीनदा. शुक्रवारी सकाळी माझ्या पगारपत्रकांवर अडली आणि कामत साहेबांनी पनवेलहून इंजिनियर मागवला. बिचारा घाट-वळणं खात दुपारी पोहोचला. साहेबांनी मला त्याच्याबरोबर उभं केलं. भाऊ टेबलामागे हाताची घडी घालून बसलेले. इंजिनियरने मशीन उघडली, झटकली, पुसली, परत लावली. म्हणाला, "मॅडम, मशीनला काहीही झालेलं नाही. मधल्या कप्प्यात आहे साधा कागद आणि पडद्यावर कोणीतरी सांगून ठेवलंय की लांब कागद आहे. म्हणून ती थांबते. हे बघा, नीट केलं." माझी पत्रकं धडाधड निघाली.

आम्ही कॅन्टीनमध्ये चहा प्यायलो. परत आलो तर नारिंगी दिवा. इंजिनियरने पडद्यावर बघितलं. मधला कप्पा: लांब कागद. त्याने माझ्याकडे बघितलं, मी भाऊंकडे बघितलं. सगळे चहाला गेलेले. हॉलमध्ये भाऊंशिवाय चिटपाखरू नव्हतं.

माझा पारा असा चढला! "भाऊ, तुम्ही? अहो, एवढी वर्षं आम्ही हेलपाटे घालतोय, साहेबांची बोलणी खातोय, आणि हे तुम्ही करताय? आणि उद्या शनिवार आहे! मशीन टिकावी म्हणून माझ्याकडे तोंड वेंगाडत तुम्हीच आलात ना? मग हे काय आहे?"

भाऊंनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले.

"सोमवार, मंगळवार, बुधवार हातच लावला नाय गो," शेवटी ते म्हणाले. "देवाशप्पत. मशीन ऱ्हायला पायजे म्हणून. पण तीन दिवसांत कोण म्हणून कोण उठून आला नाय. खोलीवर कोण नाय, वाडीवर कोण नाय, निदान हितं तरी..." मग मशीनवर हात ठेवून म्हणाले, "चालू मशीनकडं कोण येतो?"

मला एकदम रडू आलं आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच भयंकर राग आला. इंजिनियर उगाच स्क्रूड्रायव्हर बॅगेत ठेवून परत बाहेर काढत होता. हळूच म्हणाला, "मॅडम, साहेबांना काय सांगू?"

"सांगा, सेटिंग हलत होतं, ते आता कुलूप लावून पक्कं केलंय. आणि खरंच लावा कुलूप. असं लावा की माझ्या बापालासुद्धा उघडता येणार नाही."

त्याने पडद्याला कुलूप घातलं. भाऊ बघत राहिले. शनिवारी दिवसभर हिरवा दिवा होता. संध्याकाळी कामत साहेब बाहेर आले आणि मशीन राहील म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊंनीही वाजवल्या, पण दोनच.

रविवारभर माझं स्वयंपाकात लक्ष नव्हतं. भाजी करपली, नवरा म्हणाला, कुणाशी भांडलीस? म्हटलं, गप्प बसा आणि जेवा.

सोमवारी जेवणाची सुट्टी झाली. अकाउंट्सच्या आम्ही बायका नेहमी खिडकीशी बसून डबा खायचो. मी डबा उचलला, खुर्ची एका हाताने ओढत हॉलच्या त्या टोकापर्यंत नेली. खुर्चीचा आवाज असा, की कदम स्टोअरमधून डोकावले. मागोमाग आमच्या बाकीच्या दोघीही डबे घेऊन निघालेल्या दिसल्या. भाऊ एकटेच कागदावर भाकरी ठेवून बसले होते.

"सरका जरा," मी म्हटलं.

ते गडबडून उठले, चष्मा लावला, मशीनच्या दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"चालू हाय गो ती," म्हणाले.

"माहीत आहे," मी म्हटलं आणि डबा उघडला.